पालकाची सही

उंचीचे आणि माझे कधी जमले नाही. दिवाळीचा आकाशकंदील टांगायचा असला तरी आमच्याकडे शिडीवर चढते ती ही. मी खाली उभा राहून शिडी धरतो. शिडी धरणे हेही जबाबदारीचे काम आहे, असे मी गेली वीस वर्षे सांगत आलो आहे, आणि गेली वीस वर्षे त्यावर घरात कोणी चकार शब्द काढलेला नाही. वर्गात मात्र मी शूर असतो. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे धावणाऱ्या हिरकणीची आख्यायिका मी अशी रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होतात. ती सांगताना माझे दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवलेले असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

अशा माणसाच्या घरात गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी, पोह्यांच्या बशीशेजारी, आमच्या लेकीने चारपाच पानांचा एक अर्ज आणून ठेवला. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा, अठ्ठावीस दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा. एव्हरेस्टवर १९५३ साली पाऊल पडले आणि पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली. तेनसिंग नोर्गे तिथे शिकवीत असत. एवढे मला ठाऊक होते, आणि एवढ्यावर माझे भागले असते. अर्जातली सगळी पाने तिने आपल्या गोल अक्षरांत भरून टाकली होती. उरले होते ते शेवटचे पान. त्यावरच्या इंग्रजी मजकुराचा सारांश असा, की या शिक्षणात जिवाला धोका आहे हे मी जाणतो, आणि काही बरेवाईट झाल्यास कोणाला बोल लावणार नाही. त्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली पालकाची सही.

मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"जूनमध्ये तुला अठरा पुरी होतात," मी म्हणालो. "त्यानंतर अर्ज केलास तर माझ्या सहीची गरजच पडणार नाही."

"म्हणून तर आत्ता करतेय," ती म्हणाली. "मला तुमची सही हवी आहे, बाबा."

या वाक्याला काय उत्तर द्यायचे हे एम.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हते. मी मदतीसाठी हिच्याकडे पाहिले. ही पोह्यांवर कोथिंबीर पेरीत होती. "जानेवारीत कॉलेजच्या मुलांचं शिबिर आहे ना कातळ चढण्याचं?" ती शांतपणे म्हणाली. "सोबत जायला कोणी प्राध्यापक तयार नाहीत म्हणत होता. तुम्ही जा. डोळ्यांनी बघून या, मग काय ते ठरवा."

मी तयार नसलेल्या प्राध्यापकांपैकीच एक होतो, हे सांगायला नकोच.

मुलीला हे वेड लागले कुठून, याचा मी बराच विचार केला. पुण्या-नाशकाच्या मुलांनी खिडकी उघडली की समोर डोंगर असतो. आमचे चंद्रपूर सपाट. इरई आणि झरपट या दोन नद्या, गोंड राजांचा परकोट, वीज केंद्राची धुराडी, आणि मे महिन्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांना टेकणारा पारा. नाही म्हणायला आमच्याकडे डोंगर आहेत, ते माणसांनी केलेले. उघड्या खाणीतून कोळसा काढायचा तर आधी त्याच्या वरची माती आणि मुरूम उपसून बाजूला टाकावा लागतो. असे वर्षानुवर्षे टाकलेले ढीग बल्लारपूर-राजुऱ्याकडे जाताना दिसतात. करडे, रखरखीत, पावसाच्या ओघळांनी सुरकुतलेले. वाळवंटातल्या टेकड्या कोणी उचलून वर्धा नदीकाठी आणून ठेवल्या असाव्यात असे. ही पोर चार वर्षांची असताना बसच्या खिडकीतून त्यांच्याकडे बोट दाखवून तिने विचारले होते, "बाबा, हा हिमालय का?" मी "हो" म्हणालो होतो. प्रवासात मुलांच्या प्रश्नांना आपण अशीच उत्तरे देतो.

आणि मग २०१८ साल आले. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी 'मिशन शौर्य' नावाचा एक उपक्रम काढला होता. देवाडा, बोर्डा, जिवती अशा ठिकाणच्या आश्रमशाळांतली दहा मुले-मुली निवडली. ज्यांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला असेल अशा या मुलांना हैदराबादकडे कातळावर, मग दार्जिलिंगला आणि पुढे लडाखच्या थंड वाळवंटात नेऊन तयार केले. मे महिन्यात, आमच्याकडे रस्त्यावरचे डांबर पाघळत असताना, त्यांतली पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. चंद्रपूरभर त्यांचे फलक लागले. आमची लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले. मीही त्या दिवसांत वर्गात त्यांच्यावर पंधरा मिनिटे बोललो होतो. फार बरे बोललो होतो. त्या दहा मुलांच्या घरी कोणी काय कागदावर सही केली असेल, हा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. एकवीस मुले-मुली, तीन प्रशिक्षक, दोरांची पोती, तंबूंच्या वळकट्या आणि मी. मुलांत काही वसतिगृहात राहणारी, गडचिरोलीकडची होती. धानोऱ्याची, एटापल्लीची, एक अगदी भामरागडचा. हा भामरागडचा मुलगा माझ्याच वर्गात बसतो. वर्षभरात त्याच्या तोंडून दहा वाक्ये मी ऐकली नसतील. मराठी ही त्याची शाळेत भेटलेली भाषा. घरची भाषा माडिया.

राजुरा मागे पडले, गडचांदूरचे सिमेंटचे कारखाने आले. झाडांवर पांढुरकी धूळ बसलेली. खाली सगळा चुनखडक आहे म्हणून हे कारखाने. आणि त्याच्यावर चढून गेले की माणिकगडाच्या रांगांचा काळा कातळ लागतो. वाटेत आम्ही गड पाहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीचा, सागवानात आणि बांबूत बुडालेला. दरवाजावर नाग कोरला आहे. नागवंशी राजांनी तो बांधला, माणिकादेवीवरून त्याचे नाव पडले, पुढे तो गोंड राजांकडे गेला, असे सांगतात. हे सारे मी मुलांना सांगितले. सागाची पाने गळू लागली होती. एकवीस मुले त्यांवरून चालली की पापड मोडल्यासारखा आवाज होई आणि माझा इतिहास कोणाला ऐकू जात नसे.

मुक्काम जिवतीच्या पठारावरच्या एका लहानशा गोंड वस्तीबाहेर होता, शाळेच्या मैदानात. हा वाघाचा मुलूख. रानात तंबू ठोकण्याची मुभा नाही, ते योग्यही नाही. वन खात्याची परवानगी होती, गावाची होती. पहिला नियम सांगण्यात आला तो रात्री एकट्याने उजेडाबाहेर न जाण्याचा. दुसरा नियम, कोणी सुगंधी तेल किंवा अत्तर लावायचे नाही. हा दुसरा नियम मला कळेना. कळला दुसऱ्या दिवशी सकाळी.

चढण्यासाठी जो कातळ योजला होता त्याच्याजवळ आम्ही पोचलो तर गावातले एक म्हातारबाबा आधीच तिथे उकिडवे बसलेले. त्यांनी काही न बोलता काठी वर केली. कड्याच्या पोटाखाली एक काळसर, सुपाएवढे काहीतरी लोंबत होते. मला ते दगडाचेच वाटले. मग त्याच्यावरून एक लाट सरकल्यासारखी झाली.

"आग्या मोहोळ," मुख्य प्रशिक्षक हलक्या आवाजात म्हणाले. "चला, मागे फिरा. बोलू नका."

असा त्या कड्याचा बेत रद्द झाला आणि ओढ्याच्या पलीकडे, पाऊण मैलावर, दुसरा कातळ धरावा लागला. उंची साधारण साठ फूट. साठ फूट म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. आमचे घर दुमजली आहे. तसली अडीच घरे एकावर एक ठेवा आणि मग त्यांच्या जिन्याचा भाग काढून टाका.

प्रशिक्षक तिशीतले, सावळे, कमी बोलणारे होते. वर जाऊन त्यांनी दोन वेगवेगळ्या जागी दोर अडकवला. एकच जागा का नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "सर, एकावर कधीच विसंबायचं नाही. एक गेली तर दुसरी पाहिजे." हा दोर चढणाऱ्याच्या कमरेपासून वर जातो, वरच्या कड्यांतून फिरून खाली येतो, आणि खाली एक जण तो धरून उभा असतो. चढणारा जसजसा वर जाईल तसतसा त्याने दोर आवळून घ्यायचा. चढणाऱ्याचा हात सुटला तर अडकवून ठेवायचा. या धरण्याला ही मंडळी 'बिले' म्हणतात. ज्या धातूच्या कड्या असतात त्यांवर आकडे कोरलेले होते. मी वाचत बसलो. बावीस किलोन्यूटन, म्हणजे सुमारे बावीसशे किलोचा भार. माझे वजन अठ्ठ्याहत्तर. बावीसशेला अठ्ठ्याहत्तरने मी मनात भागले आणि अठ्ठावीस हे उत्तर आले, तेव्हा जरा बरे वाटले. लेकीचे वजन सेहेचाळीस. तिचा हिशेब याहून चांगला होता. पण हिशेब चांगला असून काही उपयोग झाला नाही. ती चढू लागली तेव्हा मी ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि एका खंड्या पक्ष्याचे निरीक्षण केले.

तिच्याआधी तो भामरागडचा मुलगा चढून गेला होता. बूट त्याला बोचत होते. ते त्याने काढून ठेवू का, असे खुणेनेच विचारले. नाही म्हटल्यावर निमूटपणे घातले. मग तो वर गेला, तो चढताना दिसलाच नाही. आता इथे होता, आता तिथे होता. वरून त्याने पहिल्यांदाच मोठ्या आवाजात काहीतरी म्हटले. ते माडियात होते. त्याच्या गाववाल्या एका मुलीला ते कळले आणि ती हसत सुटली. काय म्हणाला ते तिने आम्हाला सांगितले नाही.

संध्याकाळी दोर धरण्याचा पाठ झाला. मला तिथे बसवण्यात आले, कारण प्रत्येकाने हे शिकलेच पाहिजे असा दंडक होता. दोर हातात घेतला तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आपल्या भाषेत दोराला किती शब्द आहेत पाहा! गाईला दावे, बैलाला कासरा, त्याच्या नाकात वेसण, मोटेला नाडा आणि सोंदूर, ओझ्याला चऱ्हाट. वाखाचे, अंबाडीचे, काथ्याचे. शेतीवाडीतला कुठलाही कोपरा या शब्दांनी सोडलेला नाही. पण सगळे दोर बांधण्याचे, ओढण्याचे किंवा उपसण्याचे. जो दोर ओढायचा नाही, बांधूनही ठेवायचा नाही, नुसता सोबत असू द्यायचा, त्याला आपल्याकडे शब्द सापडेना. मी हे प्रशिक्षकांना बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, डावा हात वर. उजवा हात दोरावरून कधीही सुटता कामा नये. जांभई आली तरी नाही."

मग त्यांनी सांगितलेले मला आजही जसेच्या तसे आठवते. दोर ताणून धरायचा नाही. ताणला की वरच्याचा तोल जातो. त्याला जिकडे पाय टाकायचा असतो तिकडे टाकता येत नाही. आणि ढिलाही सोडायचा नाही. लक्ष दोराकडे ठेवायचे नाही, चढणाऱ्याकडे ठेवायचे. हाताला दोर आपोआप कळतो. एवढे सांगून त्यांनी आठाची गाठ शिकवली. दोराने आठाचा आकडा काढायचा, मग दोराचे टोक आपल्याच मागावरून उलटे परत आणायचे, आणि शेवटी शेपूट वीतभर तरी उरले पाहिजे. मला ती रात्री दहापर्यंत जमली नाही. मुलांना पाच मिनिटांत जमली होती.

जेवण गावातल्या बचत गटाच्या बायका करीत. ज्वारीच्या भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ठेचा. पठारावर थंडी चांगलीच होती. मुले तंबूत गेल्यावर मी चुलीपाशी हात शेकत बसलो. भांडी आवरणाऱ्या एक बाई, पस्तिशीच्या असतील, थांबून म्हणाल्या, "ते लाल टोपवाली पोरगी तुमचीच नं, गुरुजी?"

"हो."

"केवढी हाये?"

"सतरा सरली. पुढे शिकायला हिमालयात जायचं म्हणते. महिनाभर." आणि मग, परक्या माणसाजवळ आपण बोलतो तसे, मी बोलून गेलो, "मी अजून सही केली नाही, मावशी. धीर होत नाही."

त्या निखारे मागे सारीत होत्या. त्यांची भाषा गोंडी; मराठी त्या एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलत. "माह्या पोट्ट्याले म्या सहा वर्षाचा असतानीच आश्रमशाळेत टाकलं," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी सोडाले गेली, त त्यानं पदर धरला. सोडेच ना. मंग म्या त्याची बोटं सोडवली. एक, एक." आपल्याच डाव्या मुठीची बोटे उजव्या हाताने उलगडून त्यांनी मला दाखवले. "आता दहावीले हाये. त्याले कशाचं भेव नाही."

"आणि तुम्हाला?"

त्या हसल्या. उत्तर न देता पातेले उचलून घेऊन गेल्या.

रात्री झोप लागली नाही. तंबूच्या कापडाबाहेर रातवा पक्षी एकाच सुरात ठोकत होता. शाळेच्या भिंतीवर पाढे लिहिलेले चांदण्यात दिसत होते. आमची लेक बालवाडीत जाताना रडली नव्हती. रडलो होतो मी, आणि तेही रिक्षा वळल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी चढणार हे कोणी ठरवले, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी ठरवले नव्हते. मुलांनी "सर, सर" असा गजर केला, कोणी हार्नेस आणला, कोणी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला. मी पाहिले तर दोर लेकीच्या हातात. तिचे वजन माझ्याहून पुष्कळ कमी, म्हणून तिला पाठीमागच्या झाडाला बांधले होते, आणि तिच्यामागे दोराचे टोक धरून प्रशिक्षक उभे होते. सगळे शास्त्रशुद्ध. "बाबा, तीन गोष्टी कातळावर, एकच मोकळी," ती म्हणाली. "दोन पाय एक हात, नाहीतर दोन हात एक पाय. आणि हातांनी ओढू नका, पायांनी उठा."

पहिले पंधरा फूट बरे गेले. कातळ सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता, खरखरीत होता, त्याला मातीचा आणि वाळल्या शेवाळाचा वास होता. मला आपल्याबद्दल थोडे कौतुकही वाटू लागले. मग एका जागी धरायला काही नव्हते. डावा हात एका चिरेत, उजवा एका टेंगळावर, आणि पुढे गुळगुळीत. मी, ज्याने पाहू नये तिथे, खाली पाहिले.

पुढचे वर्णन करण्यात अर्थ नाही. उजवा पाय आपोआप थडथडू लागला, शिवणाच्या यंत्राचा पाय मारावा तसा. तोंड कोरडे पडले. वर जाता येईना, खाली येता येईना. खालून मुले काहीतरी सुचवीत होती, मग तीही गप्प झाली. किती वेळ गेला ठाऊक नाही. लेक पुढे सांगते की सहा मिनिटे, आणि तिच्यावर मी विश्वास ठेवतो.

"बाबा," खालून तिचा आवाज आला. मोठा नव्हता. "उतरायचं ना? मग हात सोडा."

"काय?"

"हात सोडा. दोरावर बसा. खुर्चीत बसतो तसं मागे बसा. मी धरलंय."

बावीसशे किलोचा हिशेब मला त्या वेळी पाठ होता. दोन वेगळ्या जागी अडकवलेला दोर मी डोळ्यांनी पाहिला होता. तरीही कातळावरची बोटे सुटेनात. ज्या दगडावर मी टिकूच शकत नव्हतो तो मी सोडायला तयार नव्हतो. वर्गात अशा वाक्यावर मी मुलांना टिपण घ्यायला सांगितले असते. तिथे मला फक्त एवढेच आठवले की चुलीपाशी एका बाईने आपली मूठ कशी उलगडून दाखवली होती. मी करंगळी काढली. मग तिच्या शेजारचे बोट. मग उरलेली आपोआप सुटली आणि मी मागे पडलो. पडलो म्हणजे वीतभर. दोर ताणला गेला, कमरेत हार्नेस रुतला, आणि मी हवेत, बसलेला. खाली सेहेचाळीस किलोची माझी पोर झाडाला बांधलेल्या स्थितीत दोन पावले पुढे ओढली गेली आणि थांबली. तिचा उजवा हात जिथे असायला हवा होता तिथे होता.

तिने मला हळूहळू खाली उतरवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली, कारण मी काहीच चढलो नव्हतो. भामरागडच्या मुलाने माझ्या पायातले बूट सोडायला मदत केली आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी मलाही झालं होतं." ते खोटे होते. मी त्याला चढताना पाहिले होते.

दुपारी शेवटच्या फेरीला लेकीचा दोर मी धरला. माझ्यामागे प्रशिक्षक होतेच. तरी दोर माझ्या हातांतून जात होता. आज ती नेहमीच्या वाटेने गेली नाही, डावीकडच्या अवघड अंगाने गेली. ती एक पाऊल वर गेली की मी दोर खेचून घेई. ती थोडी डावीकडे कलली की मी आणखी खेची.

"बाबा, सैल!" वरून आवाज आला. "मला ओढताय तुम्ही! सैल सोडा!"

मी सोडला. फार सोडला बहुधा, कारण प्रशिक्षकांनी मागून माझ्या कोपराला हात लावला. पुन्हा घेतला. पुढे कुठेतरी, ती चाळीस फुटांवर असेल, माझे हात ते करू लागले आणि मी फक्त तिच्याकडे पाहत राहिलो. कालपर्यंत मी तिला चढताना पाहिलेच नव्हते. पाय टाकण्याआधी ती कातळाकडे क्षणभर पाहते. लहानपणी सडा घातलेल्या अंगणातून, रांगोळीवर पाय न देता, पलीकडे जायचे असले की अशीच पाहायची. मग वर एके ठिकाणी तिचा पाय निसटला. खडा गेला, ती गेली, दोर माझ्या मुठीत थाडकन बसला आणि मी टाचांवर उठलो. एवढेच. फूट-दीड फूट. ती दोरावर झुलली, कातळाला पाय लावला, हात झटकले आणि म्हणाली, "ठीक आहे. चढतेय."

"चढ," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. हिने माझे तळहात पाहिले, हळद आणली. अर्ज टेबलावर तसाच होता, त्यावर डाळीच्या डब्याचे वजन ठेवलेले. "मी तेव्हाच केली असती सही," हळद लावता लावता ती म्हणाली. "पण तिला तुमची हवी होती. आणि तिला काय, ती जाणारच होती. मी तुम्हाला पाठवलं ते तुमच्यासाठी." वीस वर्षे शिडीवर चढणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मी पेन घेतले. बोटे सुजलेली, टोके सोललेली, पेन धरवेना. बँकेत, उत्तरपत्रिकांवर, हजेरीपटावर आयुष्यभर केलेली ती वळणदार सही रेघेवर काढायला गेलो तर भलतीच काहीतरी वाकडीतिकडी उमटली.

लेक खांद्यावरून पाहत होती. "बाबा, ही तुमची वाटतच नाही. चालेल ना?"

चालली. मे महिन्यात नागपूरहून ती गाडीत बसली. दार्जिलिंगला पोचल्याचा फोन आला, दोन दिवसांनी आणखी एक आला, आणि मग ती मंडळी सिक्कीममधल्या चौरीखांगच्या तळाकडे वर निघाली आणि फोन थांबले. बाहेर पारा सेहेचाळीसवर होता. मी कूलरसमोर बसून उत्तरपत्रिका तपासायचो आणि त्या आटोपल्या की शिबिरातून आणलेला दीड मीटरचा जुना दोराचा तुकडा हातात घ्यायचो. आठाचा आकडा, मग टोक आपल्याच मागावरून परत. ही झोपेतून विचारायची, "दिवा कधी घालवताय?" पंधरवड्याने मला ती गाठ न पाहता येऊ लागली. एक मारून मी खिडकीच्या गजाला तशीच ठेवली.

ती आली ती काळी ठिक्कर होऊन, नाकाची साल निघालेली, आवाज बसलेला. पिशवी टाकली, पाणी प्यायली, आईला मिठी मारली. मग खिडकीजवळ गेली. गाठ बोटांनी चाचपून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाली,

"शेपूट थोडं आखूड ठेवलंय, बाबा."